कंपनीनं विहीर उपसली

अपघातानंतर बाराव्या दिवशी, सकाळच्या एसटीनं, कंपनी स्वतः आमच्या गावी आली. कंपनीची माणसं नव्हेत, कंपनी. वय चौतीस, बांधा मध्यम, हातात कापडी पिशवी. मी ग्रामपंचायतीत कारकून आहे. बाहेरून आलेल्याची नोंद ठेवायची म्हणून ओळखपत्र मागितलं. तिनं नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवलं. ते चालतं.

तिच्या मालगाडीचे तीन टँकर गावाजवळ रुळावरून घसरले होते आणि आतलं रसायन कौसाबाई ढोक यांच्या विहिरीत झिरपलं होतं. चाळीस वर्षं कौसाबाईंनी दुसरं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. आता त्या पंचायतीच्या नळाचं पाणी पीत होत्या आणि दर घोटाला कंपनीच्या नावानं बोटं मोडत होत्या.

विहीर नासवणाऱ्यासाठी आमच्याकडे एकच नियम आहे. त्यानं ती स्वतःच्या हातानं उपसायची आणि नव्या पाण्याचा पहिला लोटा स्वतः प्यायचा. मोटार चालत नाही. त्याच्याआधी ते पाणी कोणी पीत नाही.

"मले वाटलं, तू लय मोठी असशीन," कौसाबाई तिला न्याहाळत म्हणाल्या.

"कागदावर आहे," कंपनी म्हणाली.

"दोर तिथं हाये."

कंपनी कामाला लागली. तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले आणि दोन गाड्या भरून तिचे वकील आले.

"मॅडम, बादली खाली ठेवा. उपसणं म्हणजे कबुली."

"ही अर्धी वर आलीय. रिकामी करते, मग बोलू," कंपनी म्हणाली, आणि पुढची बादली सोडली. वकील बांधावर थांबले. दुपारी कौसाबाईंच्या हातची झुणका-भाकर जेवले. त्यांतल्या एकानं तर थोडा वेळ दोरही ओढला, पण नियम सांगितल्यावर सोडला.

सातव्या दिवशी मंत्री आले. कंपनीचे अधिकारी त्यांच्या रोजच्या उठबशीतले. कंपनीला मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. चिखलात माखलेली बाई पाहून त्यांनी तिच्या खांद्यावर मदतीचं ब्लँकेट टाकलं.

"धीर धरा, ताई. दोषींची गय केली जाणार नाही."

"दोषी मीच आहे."

"ते समिती ठरवेल," मंत्री समजुतीनं म्हणाले. "अहवाल येण्याआधी असं परस्पर कबूल करणं समितीवर अन्याय आहे."

मग त्यांनी प्रयोगशाळेचा कागद वाचला आणि पाणी पिण्यायोग्य जाहीर केलं. टाळ्या झाल्या. कौसाबाईंनी लोटा भरून कंपनीच्या हाती दिला. सगळा गाव बघत होता. कंपनीनं लोटा ओठापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

"अजून नाही."

"अहो, कागदावर स्पष्ट लिहिलंय," मंत्री म्हणाले.

"टँकरमध्ये काय काय होतं, हे प्रयोगशाळेला कोणी सांगितलंच नाही. मला माहीत आहे."

एका वकिलानं डोळे मिटून घेतले. मंत्र्यांना पुढचा कार्यक्रम होता. कौसाबाईंनी लोटा बांधाबाहेर ओतला आणि तिच्या हातात पुन्हा दोर दिला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी बोटं मोडली नाहीत.

"आता माहा हिच्यावर भरोसा हाय," त्या मला म्हणाल्या.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी, कोणी न सांगता, कंपनीनं लोटा भरला, वास घेतला आणि ती प्यायली. मग पायरीवर बसून राहिली. कौसाबाई दिवस मावळेपर्यंत तिच्यासमोर बसल्या. अधूनमधून विचारत होत्या, "पोटात कसं वाटते?" कंपनी म्हणत होती, "बरं आहे."

मग कौसाबाईंनी दुसरा लोटा भरला आणि मध्ये न थांबता सगळा संपवला.

"थेच पानी हाय," त्या म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसून तिसरा लोटा म्हशीसाठी काढायला उठल्या.