इंग्रजीतली पंगत

शोल्पानला ते बटण हवंच होतं. ते दाबलं की बसण्याच्या जागेच्या कार्डावर साध्या नावाभोवती फुलांची वेल उगवायची. पण संगणक कझाक भाषेत असला की बटण मुकं. म्हणून तिने संगणकाची भाषा आणि देश दोन्ही इंग्रजी करून टाकले. मग गावजेवणाच्या अठरा पाहुण्यांच्या जन्मतारखा भरल्या, वयाप्रमाणे क्रम लावायला सांगितला आणि डोंगरावरून सरकणारी ढगाची सावली बघत बसली. फुलं इतकी गोड आली, की यादी तपासायचं तिला सुचलंच नाही.

"बसण्याचा क्रम चुकला तर सोमवारपासून येऊ नकोस," असं ग्रामकचेरीचे प्रमुख मुखित-अगा यांनी आधीच बजावलं होतं. तिची नोकरी अजून कच्ची होती.

इंग्रजी झालेल्या संगणकाला ठिपके दिलेल्या तारखा कळेनात. त्याने नुसते पहिले आकडे बघितले. एक तारखेला जन्मला तो थोरला, एकतीसचा तो धाकटा.

त्यामुळे कुरणावरच्या तंबूत मानाच्या जागी बेचाळीस वर्षांचा येर्मेक बसला, पुढ्यात उकडलेलं मेंढीचं डोकं. आणि दाराशी, सगळ्यांत धाकट्याच्या जागी, त्याचे शहाऐंशी वर्षांचे वडील ओराझ-अता. जो तो आपल्या कार्डापाशी बसला. कार्ड छापील होतं, म्हणजे वरूनच आलेलं असणार.

"अके, तुम्ही वर या ना," येर्मेक वडिलांना रडवेल्या आवाजात म्हणाला. बाप हयात असताना त्या डोक्याला सुरी लावायची नसते, आणि बाप तर समोरच.

"गप बस. हात पुढे कर." धाकट्याचं काम म्हणून ओराझ-अता झारी घेऊन सगळ्यांच्या हातांवर पाणी घालत होते. "नीट चोळ. लहानपणीही असाच टाळायचास."

मुखित-अगा शोल्पानच्या कानाशी आले. "सोमवारी टेबल रिकामं कर."

तिला ते फार लांबून ऐकू आल्यासारखं वाटलं. हात धुऊन झाल्यावर दाराशेजारून सटकलेले ओराझ-अता बाहेर बूट काढून गवतात उताणे पडले होते, आणि तिला वाईट वाटायच्या ऐवजी त्यांच्या शेजारी जाऊन पडावंसं वाटलं.

सोमवारी ती पिशवीत कप भरत होती, तोच ओराझ-अता दारात. मागे आणखी पाच म्हातारे.

"पोरी, पुढच्या वेळीही मला दाराशीच बसव. तीस वर्षं त्या मानाच्या जागी चार-चार तास भाषणं ऐकली. गुडघे गेले माझे."

"मी तीस तारखेचा," दुसरे म्हणाले. "मलाही तिथेच."

तिसऱ्यांनी जन्मतारीखच बदलून मागितली.

"अहो, पण मग मानाच्या जागी बसायचं कुणी?" मुखित-अगांनी विचारलं.

सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

शोल्पानने कप काढून परत टेबलावर ठेवला. "अगा," ती मऊ आवाजात म्हणाली, "तुमची तारीख एक लिहू का?"