पॅड कुणासाठी?

कुणीतरी ही गोष्ट आमच्यापासून जाणूनबुजून लपवली. कोणी, ते मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर घरी जाऊन भांडलो असतो. बाळंतपणाबद्दल बाकी सगळं सगळ्यांनी सांगितलं. डिंकाचे लाडू किती खायचे, कानाला काय बांधायचं, बाळाचं डोकं गोल कसं करायचं. (डोकं आधीच गोल होतं. तरी सांगितलं.) पण सातव्या महिन्यापासून बाईला साधं शिंकायचं झालं तरी आधी विचार करावा लागतो, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही.

मला तर फार उशिरा कळलं. माझी बायको अनुश्री रेल्वेत आहे, खो-खोच्या जोरावर लागलेली. हसायला लागली की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघतात, असं तिचं हसणं. तर ही अनुश्री पोटुशी असताना एकाएकी जपून हसायला लागली. मी विनोद केला की ती आधी खुर्ची धरायची, पायावर पाय घट्ट टाकायची आणि मग ओठ दाबून "हं" म्हणायची. मला वाटलं, माझे विनोद बिघडले. बाळ झाल्यावरही तेच. एकदा ती जोरात शिंकली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "संकल्प, तुझे विनोद पूर्वीसारखेच वाईट आहेत रे. मी हसत नाही, कारण हसलं की थेंब थेंब लघवी होते."

मी पेटलो. (मी इथे हिंदी मुलखात, गोपालपुऱ्यात एका कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो, पेटणं हा माझा जोडधंदा आहे.) एवढी सर्रास होणारी गोष्ट आणि तिच्यावर एवढी चुप्पी! मी म्हटलं, "लाजायचं काय त्यात? आपण यावर मोकळेपणाने बोललं पाहिजे. आपल्या मराठी मंडळात व्याख्यान ठेवू!"

"तू एका माणसाला जरी सांगितलंस," अनुश्री म्हणाली, "तर मी भुसावळला माहेरी निघून जाईन. शपथ घे."

मी शपथ घेतली. आमचा मोकळेपणा तिथेच बंद झाला.

पुढचं सगळं तिनेच केलं. स्वतः फिजिओथेरपिस्ट शोधली. त्या बाईने तपासून सांगितलं, की हे पुष्कळ जणींना होतं, पण म्हणून सोसत बसायचं नसतं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ढिले पडलेत, ते आवळायचे, धरायचे, सोडायचे, श्वास मात्र धरायचा नाही. रजा संपली तरी अनुश्रीने व्यायाम सोडला नाही. तिकीटखिडकीत बसून ती बस्सी स्टेशनची तिकिटं देता देता व्यायाम करायची. समोरचा माणूस सुट्ट्या पैशांवरून वाद घालतोय आणि ही शांतपणे उत्तरं देत आत एक अख्खी व्यायामशाळा चालवतेय! मी पाठिंबा म्हणून वर्गात शिकवताना हाच व्यायाम करून पाहिला. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, तबीयत ठीक है?"

श्रावण आला. आमच्या मराठी मंडळाची मंगळागौर रविवारी असते, कारण मंगळवारी सगळ्या ड्युटीवर. मंडळाच्या अध्यक्ष रत्नप्रभाकाकू घरी आल्या. फुगडीत अनुश्रीला आजवर कुणी हरवलेलं नाही. तिच्याबरोबर फिरलेली बाई नंतर भिंत शोधते. काकू म्हणाल्या, "या वर्षी बाळ झालंय, मतलब तू तर पाहिजेसच."

"कंबर दुखते, काकू," अनुश्री म्हणाली.

काकू गेल्या. अनुश्री बाळाला खांद्यावर घेऊन उगाच दोन पावलं फुगडीची फिरली आणि थांबली. ते थांबणं मला बघवेना. मी काही बोलणार, इतक्यात तीच म्हणाली, "व्यायामवाली डॉक्टरीण म्हणते, हळूहळू उड्या मारायला हरकत नाही, पॅड लावून. पाळीचं चालत नाही, त्याचं वेगळं मिळतं. आणशील? आणलंस तर मी फुगडी घालीन. पण गोपालपुऱ्यातून आण. इथून नको."

आता एवढं ऐकायला काय हरकत होती? पण नाही. शास्त्रीनगरात आमच्या बिल्डिंगखाली पवनजींचं औषधाचं दुकान असताना मी चोरासारखा दूरवरून पॅड आणायचं? हे काय अफू आहे? मी तत्त्व म्हणून पवनजींच्या दुकानात गेलो आणि तत्त्वाला शोभेल अशा आवाजात म्हणालो, "भैया, पेशाब लीक होता है, उसके पॅड दीजिए."

दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. तेव्हा मला दिसलं, की शेजारी ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला गुलाबराव उभे आहेत. मालगाडीचे निवृत्त गार्ड, मंडळाचे खजिनदार आणि (हे फार महत्त्वाचं) रत्नप्रभाकाकूंचे यजमान.

पवनजींनी विचारलं, "किसके लिए, सरजी?"

एका बाजूला माझं तत्त्व, दुसऱ्या बाजूला माझी शपथ, मध्ये गुलाबरावांचे कान.

"मेरे लिए," मी म्हणालो.

"अरे! इस उमर में?" पवनजींना खरंच वाईट वाटलं. "कब से है?"

"सातवें महीने से," मी घाईत बोलून गेलो. "मतलब, जुलाई से."

"खांसी में होता है या हंसी में?"

"दोनों में."

"कमर कितनी है?"

मी वाद घातला, की मला बायकांचं चालेल. पवनजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तत्काळ कमरेचं माप सांगितलं. उशीएवढं पाकीट घेऊन बाहेर पडलो, तर गुलाबरावांचा हात खांद्यावर पडला.

"संकल्पराव, घाबरायचं नाही. आम्ही मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभी हयात काढली. तिथे कुठलं आलंय बाथरूम? धरून ठेवणं हे शास्त्र आहे. मी शिकवीन."

मी घरी पोचेपर्यंत बातमी मंडळभर झाली होती. संध्याकाळी काकूंकडून लघवीवर गुणकारी म्हणून तिळाचे लाडू आले. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी ओव्याचा उपाय टाकला, "एका सभासदासाठी" असं लिहून. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. दुसऱ्या दिवशी गुलाबराव स्वतः आले आणि बाहेरच्या खोलीत उभं राहून मला सिग्नल मिळेपर्यंत धरून ठेवण्याची पद्धत शिकवून गेले. सिग्नल तेच देत होते. बराच वेळ देत नव्हते.

ते गेल्यावर अनुश्री समोर आली. मी सगळं कबूल केलं. लपवलेलं पाकीट दाखवलं. त्याच्यावर पांढऱ्या केसांचे एक आजोबा अंगठा वर करून हसत होते.

अनुश्रीने आजोबांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. परत आजोबांकडे पाहिलं. आणि ती हसली. खुर्ची न धरता, ओठ न दाबता, जमिनीवर बसून, भिंतीवर हात आपटून हसली. बाळ दचकून जागं झालं. खालच्या मजल्यावरून कुणीतरी "क्या हुआ?" म्हणून ओरडलं.

"झाली का गं?" मी भीत भीत विचारलं.

"झाली!" ती डोळे पुसत म्हणाली. "होऊ दे. किती महिन्यांनी हसले रे मी."

मग ती उठली, कपडे बदलले, बाळ माझ्या हातात दिलं आणि स्वतः पवनजींच्या दुकानात जाऊन हवं ते पाकीट घेऊन आली. ना आवाज चढवला, ना तत्त्व सांगितलं. (पवनजींनी विचारलं म्हणे, "सरजी को फिट नहीं आया?")

रविवारी हॉल भरलेला. बायका मध्ये नऊवारीत, पुरुष कडेच्या खुर्च्यांवर, मी बाळाला घेऊन दाराशी. रत्नप्रभाकाकूंनी अनुश्रीचे हात हातात घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या, "धीराची गं तू. आधी बाळंतपण, त्यात नवऱ्याचं हे असं."

अनुश्रीने पदर खोचला. मला वाटलं, आता विषय बदलेल. मी तिच्या जागी असतो तर बदलला असता. ती म्हणाली, "काकू, ते त्याचं नाही, माझं आहे. बाळंतपणानंतर माझी लघवी थेंब थेंब गळते. त्याने माझ्यासाठी स्वतःचं नाव घेतलं. व्यायाम करतेय, बरीच सुधारलेय. आज पॅड लावून आलेय. आता सांगा, फुगडीला कोण येतंय?"

मी बाळाला घट्ट धरलं. काकूंचा चेहरा लाल झाला, मग निवळला, आणि त्या म्हणाल्या, "अगं, धाकटा झाल्यापासून मी झिम्म्याच्या आधी दोनदा जाऊन येते! मला वाटायचं, माझं एकटीचंच."

"म्हणून ही दरवर्षी बाथरूमची रांग!" मागून कुणीतरी ओरडलं. आणि मग जी बायकांची जीभ सुटली! एक दोरीवरच्या उड्यांचं सांगतेय, एक खोकल्याचं, एक आजी म्हणतेय, "आमच्या वेळी नऊवारीत सगळं खपायचं." तिथल्या तिथे अनुश्रीने आवळायचं, धरायचं, सोडायचं सगळ्यांना शिकवलं. ज्या व्याख्यानासाठी मी महिनाभर पेटलेला होतो, ते तिने पदर खोचून उभ्या उभ्या उरकलं.

मग फुगडी. पहिल्यांदा जपून, मग सैल, मग भन्नाट. काकूंनी मध्येच भिंत शोधली. अनुश्री एकटीच मधोमध उभी, केस सुटलेले, आणि तेच जुनं, मजले हलवणारं हसू. कोरडी होती की नाही, मी विचारलं नाही. तिला पर्वा नव्हती, हे दारातूनही दिसत होतं. आपण कुणाशी लग्न केलंय, ते मला त्या क्षणी नीट कळलं.

छाती फुगवून मी पुरुषांच्या बाजूला वळलो. आता तरी माझ्यावरचं किटाळ गेलं होतं. गुलाबराव उठून समोर आले. त्यांचे डोळे भरले होते.

"बायको असावी तर अशी!" ते म्हणाले. "नवऱ्याचं दुखणं चारचौघांत स्वतःच्या अंगावर घेतलं! या संकल्पराव, बसा. बाथरूमजवळची खुर्ची धरून ठेवलीय तुमच्यासाठी."