मागची डावी सीट

आमच्या गल्लीत कुणी गाडीला नवी चाकं बसवली, की नाना बिराजदार येतात. बोलवावं लागत नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून येतात, कानातलं मशीन काढून वरच्या खिशात ठेवतात आणि गाडीचं मागचं डावं दार उघडतात. स्वतः मात्र बसत नाहीत. दार धरून उभे राहतात आणि हळूच म्हणतात, "बा, कूड." नानांची घरची भाषा कानडी. बा, कूड म्हणजे ये, बस. एखाद्या बाईला साडी सावरून आत बसायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ थांबतात. मग कुणाची बोटं सापडू नयेत अशा बेतानं दार लावतात, वळसा घालून उजवीकडून स्वतः बसतात आणि म्हणतात, "हं, चला आता."

डाव्या सीटवर कुणीही नसतं.

मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी शेजारच्यांच्या गाडीत हा प्रकार पहिल्यांदा बघितला, तेव्हा मी मुकाट्यानं घरी येऊन पंख्याखाली बसलो होतो.

नाना आयुष्यभर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होते. मागांच्या खडखडाटानं दोन्ही कान गेले. मशीन काढलं तर दारावरून बँड गेला तरी पत्ता लागत नाही. असला माणूस मशीन काढून चाकांचा आवाज ऐकतो! मी एकदा विचारलंच.

"मशीन लई कायबाय ऐकवतं, मास्तर," नाना म्हणाले. "कामाचं ऐकवत न्हाय."

त्यांचा ठरलेला पहिला प्रश्न असतो, "मागं डावीकडं कोण बसणार?" एका लग्नाच्या गाडीला हा प्रश्न विचारला. "नवरी," म्हटल्यावर वरात थांबवली, गाडी जॅकवर चढवली आणि चारी चाकं हलवून बघितली. भटजी घड्याळ दाखवून थकले. दुसरा एकजण चेष्टेनं म्हणाला, "डावीकडं आमची सासू बसते." नाना क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "तरी बी बघाय पायजे."

मी एसयूव्ही घेतली आणि मला मोठ्या, चकचकीत मॅगव्हील चाकांची हौस आली. आमची सौ. म्हणाली, "गाडी आपली आणि चाकं ट्रकची का?" पण कारण होतं. आमची पल्लवी सांगोल्याला दिलेली. सातवा सरत आला होता, पहिलं बाळंतपण माहेरी. रविवारी तिला आणायला जायचं होतं. व्याह्यांच्या दारात गाडी कशी उभी राहायला पाहिजे! उगाच खोटं कशाला बोलू?

दुकानात निघालो तर नाना आपणहून पुढच्या सीटवर येऊन बसले.

"मागं डावीकडं कोण बसणार?"

"पल्लवी."

नाना दुकान येईपर्यंत मागं वळून त्या सीटकडं बघत राहिले.

दुकानात मात्र त्यांनी माझी पार शोभा केली. मी एक चकचकीत चाक पसंत केलं. नानांनी ते उलटं करून आतली बाजू चष्मा वर-खाली करत तपासली. "किती वजन पेलतं ते लिवलेलंच न्हाय. हे चाक हाय का दिवाणखान्यातलं घड्याळ?" दुसऱ्यावर वजन होतं, पण ते गाडीच्या अंगाबाहेर येत होतं. तिसऱ्याचं मधलं भोक मोठं. "हितं रिंग घालाय पायजे. नायतर चाक नुसतं नटावर लोंबकळणार." शेवटी एक चाक त्यांना पसंत पडलं. साधं, करडं, मला अजिबात न आवडलेलं. सौ. ला विचाराल तर तिला तेच आवडलं.

"आन नट?" नानांनी विचारलं. "ह्या चाकाला निमुळतं नट लागतंय. कंपनीचं गोल बुडाचं असतंय."

दुकानदार तोवर वैतागला होता. पाठमोरा होऊन काहीतरी पुटपुटला आणि मान हलवली. नानांनी ती मानच 'होय' म्हणून ऐकली. मलाही घरी जायची घाई झाली होती.

संध्याकाळी सौ. नं चारी चाकांखाली लिंबं ठेवली, कुंकू लावलं. नाना कट्ट्यावरून म्हणाले, "लिंबू ठेवा वयनी, पण फेरी बी मारू."

ती फेरी मी दोन दिवस टाळली. कॉलेजात पेपर तपासायचेत म्हटलं, पोट बिघडलंय म्हटलं. खरं सांगायचं तर मला त्या रिकाम्या सीटची भीती वाटत होती. शनिवारी उन्हं कलताना नाना पांढरा शर्ट घालून दारातच उभे राहिले, तेव्हा माझी बहाणेबाजी संपली.

मशीन खिशात गेलं. दार उघडलं. "बा, कूड." दार लागलं. आम्ही निघालो.

अक्कलकोट रोडला लागलो. दोन्ही बाजूंना मागांचा खडखडाट चालू होता. नानांनी डावा तळहात शेजारच्या रिकाम्या सीटवर टेकला होता आणि डोळे मिटले होते. कारखाने मागं पडले आणि रस्ता एकदम शांत झाला. तेवढ्यात गाडी टुंग टुंग करायला लागली. समोर लाल दिवा लागला. मागच्या डाव्या सीटवरच्या प्रवाशानं पट्टा लावलेला नाही.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मग मीच स्वतःला समजावलं, नानांच्या हाताचा भार पडलाय, गाडीला वाटलं माणूस आहे. नानांना आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण त्यांनी डोळे उघडले, रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून नीट लावला. गाडी गप्प झाली.

थोडं पुढं गेल्यावर नाना म्हणाले, "थांबवा."

"काय झालं?" मी आरशात बघून विचारलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. गाडी लोण्यासारखी चालली होती.

"ती म्हणतीय, थांबवा."

मी थांबवली. का थांबवली ते विचारू नका. खाली उतरून मागच्या डाव्या चाकाच्या नटाला हात लावला, तर तो माझ्या बोटांनी फिरला. पाना नाही, काही नाही, नुसत्या बोटांनी. दुसरा फिरला. तिसराही. जुनेच गोल बुडाचे नट होते ते, नव्या चाकात नीट बसलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी ह्याच चाकाच्या वर पल्लवी बसणार होती, पोटातल्या बाळासकट. मी रस्त्याच्या कडेला मातीतच बसलो.

नानांनी मशीन कानात घातलं आणि माझ्याशेजारी बसले. त्यांच्या पत्नी, महानंदाकाकू, अपघातात गेल्या एवढंच गल्लीला माहीत होतं.

"ती माजे कान होती," नाना म्हणाले. "बेल वाजली, दूधवाला आला, कुकर झाला, समदं तीच सांगायची. मी जीपला रुंद चाकं घातली होती. लई झ्याक दिसायची. ही मागं डावीकडं बसलेली. म्हणाली, अहो, मागं कायतरी वाजतंय. मी म्हणालो, मला तर काय ऐकू येत न्हाय. परत म्हणाली. मी म्हणालो, तू गप बस, नवी चाकं हायत." त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. "गप बसली. तवापासनं घरात एक शब्द बोलत न्हाय, मास्तर. नव्या चाकाच्या गाडीत बसवली तरच बोलती."

मी त्यांचा हात धरला आणि तसाच बसून राहिलो.

फोन केल्यावर दुकानदार निमुळते नट घेऊन धावत आला. मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. चाकं बदलून टाकतो म्हणालो, तर नानांनीच अडवलं. "चाकं चांगली हायत. नट चुकला. चाकांवर राग काढू नका." एकेक नट आपल्यासमोर आवळून घेतला, सांगोल्याला पोचल्यावर परत आवळायला मला बजावलं.

रविवारी सकाळी आम्ही निघताना नाना आले, मागचं डावं दार उघडलं आणि आत वाकून म्हणाले, "इळी." म्हणजे उतर. मग आमच्या सौ. कडे बघून ओशाळं हसले. "लेकीची जागा हाय ती." दार धरून थांबले. नेहमीएवढाच वेळ. मग हळूहळू घराकडं गेले, कुणाला तरी सोबत घेऊन चालावं तसे, रस्त्याची आतली बाजू मोकळी सोडून. सौ. गाडीत बसून रडायला लागली.

पल्लवी सुखरूप आली. नात झाली. बारसंही उरकलं. त्यानंतर बरेच महिने गल्लीत कुणी चाकं बदलली नाहीत. नाना कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची चाकं बघायचे आणि संध्याकाळी उठून घरात जायचे. त्या घरात कुणी बोलत नव्हतं. मला ते बघवेना.

एका रविवारी मी म्हटलं, "नाना, टायर बदललेत. फेरी मारायची का?"

नानांनी माझ्या टायरांकडं बघितलं. परवाच्या सांगोल्याच्या प्रवासाचा चिखल वाळून बसला होता, खाचांत खडे अडकले होते. मग माझ्याकडं बघितलं.

"व्हय? मग बघाय पायजे की," म्हणाले आणि शर्ट बदलायला आत गेले.

ते बाहेर येईपर्यंत मागचं डावं दार मीच उघडून धरलं होतं. थोरामोठ्यांना म्हणतात तसं, शेजारात राहून शिकलेल्या मोडक्या कानडीत म्हटलं, "बर्री काकू, कूड्री." थांबलो. साडी सावरायला लागतो तेवढा वेळ. मग दार हळू लावलं. नाना पायरीवरच उभे होते, मशीन अजून कानातच होतं. उजवीकडून येऊन बसले.

मी गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी आरशात बघितलं, तर नाना दोन्ही हात कानाशी नेऊन मशीन काढत होते. डावी सीट मोकळी होती, तिच्यावर त्यांचा हात नव्हता.

टुंग. टुंग. समोर लाल दिवा लागला.

मी गाडी बाजूला घेतली, मागं वळलो आणि म्हटलं, "नाना, काकूंचा पट्टा."