परदेशी आठवणी जमा करण्याबाबत

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाल्यावर अभियंतासाहेबांना त्यांच्या जुन्या कार्यालयाचं पत्र आलं. विषय : परदेश दौऱ्यांतील आठवणी अद्याप जमा न केल्याबाबत. पत्रात म्हटलं होतं, की पंप बसवण्याच्या कामी आपण सेवाकाळात सात वेळा परदेशी गेलात. सर्व दौरे कार्यालयामार्फत झाले. निवृत्तीच्या दिवशी आपण हेल्मेट, ओळखपत्र, पान्यांची पेटी आणि कपाटाची किल्ली परत केलीत, आठवणी मात्र सोबत घेऊन गेलात. तरी त्या पंधरा दिवसांत मूळ स्वरूपात जमा कराव्यात, अन्यथा त्या जिथे असतील तिथून ताब्यात घेतल्या जातील.

हे शेवटचं वाक्य वाचताना साहेबांचा हात आपोआप डोक्याकडे गेला.

पत्रामागचा विचार अगदी सरळ होता. कार्यालयात एक तपासणीस आले होते. जुन्या नोंदी चाळताना त्यांना प्रत्येक परदेश दौऱ्यापुढे 'हेतू : अनुभव मिळवणे' असं लिहिलेलं आढळलं. त्यांनी विचारलं, मिळवलेला अनुभव दाखवा. भांडारपालाने दोन दिवस पाइपांच्या मागे, कपाटांच्या वर आणि गळक्या टाकीखाली शोधलं. अनुभव सापडला नाही. मग चौकशीत उघड झालं, की रोज संध्याकाळी साडेपाचला कर्मचारी तो डोक्यात घालून राजरोस फाटकाबाहेर नेतात आणि पहारेकरी फक्त डबे तपासतो. लगेच 'आठवण वसुली कक्ष' स्थापन झाला. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाच्या ध्यानात आली नाही, याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

घरी पत्राचं स्वागत झालं.

"देऊन टाका ना बाबा," सून म्हणाली. "तुम्हालाही मोकळं वाटेल."

"सातही दौऱ्यांच्या मागितल्यात ना?" मुलाने पत्र पुन्हा वाचून खात्री केली. "नीट आठवून द्या. एखादी मागे राहायला नको."

त्यांनाही दोष देता येत नाही. नऊ वर्षं त्या घरात नळ गळला की तिसरा दौरा निघायचा, दार करकरलं की पाचवा. कुणी नुसतं "थंडी आहे" म्हटलं तरी साहेब चष्मा काढून ठेवत आणि चौथ्या दौऱ्याला सुरुवात करत. ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते. साहेबांची पत्नी तेवढी हातातलं काम न थांबवता ऐकत असे आणि कधी काही बोलत नसे.

सहा दौरे द्यायला साहेब एका पायावर तयार होते. जीव अडकला होता तो चौथ्यात. त्या दौऱ्यात अकरा दिवस पंप फिरत होता आणि पाणी काही वर चढत नव्हतं. हाडं गोठवणारी थंडी, साहेबांच्या अंगात एक पातळ स्वेटर. तिथल्या फोरमनच्या गळ्यात लाल मफलर असे, म्हणून साहेबांनी त्याचं नाव लाल मफलर ठेवलं होतं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि अकरा दिवस त्याने साहेबांकडे हसून पाहिलंही नव्हतं. बाराव्या दिवशी साहेबांनी एका व्हॉल्व्हकडे बोट केलं आणि म्हटलं, हाच तो चोर. व्हॉल्व्ह फिरवला, पाणी धाडकन टाकीत पडलं. लाल मफलरने अंगातला कोट काढून साहेबांच्या खांद्यांवर घातला. मग दोघं पायरीवर बसले आणि एक संत्रं अर्धं अर्धं खाल्लं. बस्स, एवढंच. पण जन्मात असा कोट आपल्याला दुसऱ्या कुणी घातला नाही, असं साहेबांना वाटे. त्या कामाबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र दिवाणखान्यात चौकट करून लावलेलं होतं.

वसुली कक्षात एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक अधिकारी होता. माणूस वाईट नव्हता, नियमाने चालणारा होता.

"बोला," अधिकारी म्हणाला. "मी लिहून घेतो. शेवटी तुम्ही सही करायची, की वरील आठवण मी यापुढे आठवणार नाही."

"आणि आपोआप आठवली तर?"

"तीन दिवसांच्या आत लेखी कळवायचं."

पहिले तीन दौरे बिनबोभाट जमा झाले. पाचव्याला थोडं घोडं अडलं. त्यात साहेब हॉटेलच्या लिफ्टमध्ये एका सर्कसवाल्याबरोबर तीन तास अडकले होते.

"कामाच्या वेळेत की आधी?" अधिकाऱ्याने विचारलं.

"साडेसातला अडकलो, साडेदहाला सुटलो. काम नऊला सुरू व्हायचं."

"म्हणजे दीड तास तुमचा, दीड तास कार्यालयाचा. सर्कसवाला कुठल्या दीड तासात बोलला?"

"सबंध वेळ बोलत होता."

"मग कमरेपासून वरचा सर्कसवाला आमच्याकडे राहील," अधिकाऱ्याने न्यायाने वाटणी केली. साहेबांना अजूनही तो माणूस फक्त पँट आणि बूट एवढाच आठवतो. तक्रार करायला जागा नाही, कारण पावती मिळाली आहे.

चौथा दौरा साहेबांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो पूर्ण सांगून झाल्यावर ते म्हणाले, "ही मात्र खासगी आहे. मी देणार नाही."

"खासगी कशी? पंप तुम्हीच दुरुस्त केलात ना? प्रशस्तिपत्र आहे. काम झालं असेल तर आठवण कार्यालयाची. काम झालं नसेल तर तुमची."

अधिकाऱ्याने पुढची नोटीस टाइप करायला घेतली. मूळ आठवण ताब्यात घेताना तिच्या बाहेर फिरत असलेल्या सगळ्या प्रतीही गोळा कराव्या लागतात, म्हणून पत्नी, मुलगा आणि सून यांना बोलावणं गेलं.

मुलाने आणि सुनेने सवलत मागितली. तशी सोय आहे. 'ऐकून न ऐकल्याचे प्रतिज्ञापत्र' भरून दिलं की प्रत जमा करावी लागत नाही. मुलाने लिहिलं, 'वडील बोलत असताना मी "हो का" आणि "मग" एवढेच म्हणत असे. त्यापलीकडे माझ्यापर्यंत काहीही पोहोचलेले नाही.'

"तपासावं लागेल," अधिकारी म्हणाला. "त्या फोरमनच्या गळ्यात काय होतं?"

मुलाने बराच विचार केला. "शिट्टी?"

"पुरे," अधिकारी म्हणाला आणि त्याने शिक्का मारला. सून तर पंप होता हेही सांगू शकली नाही. तिला तोंडी परीक्षेशिवायच सवलत मिळाली. बाहेरच्या बाकावर बसलेल्या साहेबांना हे सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. त्यांना वाईट वाटलं. आठवण जाणार याचं जेवढं वाटलं होतं, त्याहून जास्त वाटलं.

मग पत्नीची पाळी आली. अधिकाऱ्याने साहेबांनाही आत बोलावलं आणि सवलतीचा कागद तिच्यापुढे सरकवला. तिने तो परत सरकवला.

"मी ऐकलंय," ती म्हणाली.

"मग तुमची प्रत जमा करावी लागेल."

"करते. पण माझ्याकडची यांच्यासारखी नाही. हे परत आले त्या दिवशी, बॅग उघडता उघडता, पहिल्यांदा मला सांगितलं होतं. तीच माझ्याकडे आहे." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, सांगू का?"

साहेबांनी मान खाली घातली.

"तो व्हॉल्व्ह असतो ना, पाणी एकाच बाजूला जाऊ देणारा, त्यावर बाण असतो," ती म्हणाली. "बाणावरचा रंग उडाला होता. यांनी पहिल्याच दिवशी तो उलटा बसवला. अकरा दिवस हे सगळा पंप खोलत होते, तो व्हॉल्व्ह सोडून. बाराव्या दिवशी सगळे जेवायला गेले, तेव्हा त्या लाल मफलरवाल्याने तो काढून सुलटा लावला. यांनी दारातून पाहिलं. त्याने कुणाला सांगितलं नाही. स्वतःचा कोट यांच्या अंगावर घातला, ओठांवर बोट ठेवलं, आणि सगळ्यांसमोर पंप यांना सुरू करायला लावला. हे पायरीवर बसून रडले. संत्रं त्याने सोललं आणि अर्धं यांच्या हातात ठेवलं."

अधिकाऱ्याने टाइपरायटरमधला कागद काढून बाजूला ठेवला.

"म्हणजे साहेबांनी काम केलं नाही," अधिकारी सावकाश म्हणाला.

"नाही केलं," ती म्हणाली. "म्हणून ती आमची आहे. घरी न्यायची आहे."

नियमाप्रमाणे तिचं बरोबर होतं. मात्र आठवण खासगी ठरली, तर प्रशस्तिपत्र कार्यालयाचं ठरत होतं. शिवाय 'व्हॉल्व्ह मी उलटा बसवला होता' असं साहेबांना स्वतःच्या अक्षरात लिहून द्यावं लागणार होतं. कागद की कोट, असा प्रश्न होता. तीस वर्षं ज्या माणसाने सहीआधी प्रत्येक कागद तीनदा वाचला, त्याने हा एकदाही वाचला नाही. सही केली आणि आठवण घेऊन तो घरी आला.

दिवाणखान्यात चौकटीच्या जागी आता खिळा होता. प्रशस्तिपत्र का गेलं, एवढंच आईने मुलाला सांगितलं होतं. जेवताना तो त्या खिळ्याकडे पाहत राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही खरंच उलटा बसवला होता? मग त्या माणसाने काय केलं?"

नऊ वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी आपण होऊन विचारलं होतं. साहेबांनी चष्मा काढून ठेवला.

"थांबा," सून घाईने म्हणाली. "प्रतिज्ञापत्राच्या मागच्या बाजूला छापलंय. सवलत घेतलेल्या व्यक्तीस सदर आठवण पुढे कधीही ऐकता येणार नाही."

मुलाने कागद आणून पाहिला. तसंच छापलेलं होतं. त्याने "हो का" म्हटलं आणि ताटात पाहून जेवायला लागला. साहेबांनी चष्मा परत घातला.

"मला सांगा," पत्नी म्हणाली.

"तुला सगळं माहीत आहे."

"असू दे. खरं घडलेलं सांगा."

आता तुमच्याविषयी. हे वाचून तुम्हीही त्या आठवणीची एक प्रत विनापरवाना बाळगली आहे. घाबरू नका, सवलत तुम्हालाही मिळते. फक्त कक्षात गेल्यावर कोरा अर्ज मागू नका, अधिकारी हसतो. तुमचा अर्ज तिथे केव्हापासूनच भरून पडला आहे. 'कोणाचे ऐकले नाही' या रकान्यात तुमच्या वडिलांचं नाव आहे आणि खाली सही तुमचीच आहे.