खांबावर राहिलेले बूट

"यंदा त्या खांबावरून माशीसुद्धा घसरेल! घसरून समुद्रात पडेल आणि वर आल्यावर माझे पाय धरेल!"

असं म्हणून स्पीरू खाटकाने तांबड्या क्लबाच्या टेबलावर मूठ आपटली. बशीतली चीज भरलेली पास्तिझी उडून विस्तिनच्या मांडीवर पडली. विस्तिनने ती मुकाट्याने खाल्ली. स्पीरूचा चमचा म्हणून त्याची तेवढीच कमाई.

स्पीरूला बढाई मारायचा हक्कच होता म्हणा. मार्सेट या बंदरगावी संताच्या जत्रेत धक्क्यावरून समुद्रावर वीस हात लांबीचा लाकडी खांब आडवा सोडतात. त्याला डुकराची चरबी आणि मऊ साबण फासतात आणि टोकाला संताचा झेंडा लावतात. अनवाणी धावत जायचं आणि झेंडा उपटायचा. नाही जमलं, तर धप्पकन खाली! चरबी फासायची तांबड्या क्लबाने, धावायचं निळ्या क्लबाने. आणि गेली एकोणीस वर्षं, म्हणजे स्पीरूने फासायला घेतल्यापासून, झेंड्याला एकाही निळ्याचं बोट लागलेलं नव्हतं!

तांबडा आणि निळा हे जत्रेत वाजवणारे गावातले दोन बँड-क्लब. एकाच गल्लीत समोरासमोर. सरळ बोलायचं तर कुत्र्या-मांजराचा संसार. आणि त्यातही देवाची गंमत बघा, स्पीरूची बायको चेंसा निळ्यांच्या घरातली! वर्षभर दोघांचं गुळपीठ. पण जत्रेचा आठवडा लागला की चेंसा पिशवी भरून माहेरी. स्पीरूने आठ दिवस स्वतःच्या हाताने अंडी तळायची आणि स्वतःच जाळायची.

त्यात तिचा भाऊ एवारिस्ट. शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा. अंगाने वाळलेल्या भेंडीसारखा, चष्मा बाटलीच्या बुडासारखा. तो नेमका त्याच वेळी दारात उभा राहिला. तांबड्याच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही म्हणून तिथूनच ओरडला, "भावोजी, ताईने विचारलंय, मोजे सापडले का?"

"मोजे गेले खड्ड्यात! मास्तर, तुझ्या पोरांना सांग, पोहायची तयारी करा."

"यंदा मी स्वतः चढणार आहे."

क्लबात जो हशा पिकला, त्याने भिंतीवरचा संतही दचकला असेल.

"तू?" स्पीरू डोळे पुसत म्हणाला. "अरे, तू फळ्यापाशी उभा असतोस तेव्हा खडू कोणता आणि मास्तर कोणता हे पोरांना कळत नाही!"

"हसा. मी घर्षणाचा हिशोब केलाय. मुळात चरबी लाकडावर टिकते का, तर लाकूड खरखरीत असतं म्हणून. त्याच्या बारीक बारीक खाचांत ती..."

"ए, शाळा सुटली!" स्पीरूने त्याला मध्येच तोडलं. "एकोणीस वर्षं हातांनी चरबी फासतोय मी. तू मला चरबी शिकवणार? तुझ्या अंगावर कधी बघितलीस का चरबी?"

"लावा पैज!"

झालं! स्पीरू खुर्चीवर चढला आणि छातीवर हात ठेवून गर्जला, "ऐका सगळे! यंदा सहाच्या घंटेच्या आत कुणीही, अगदी कुणीही, तो झेंडा काढला, तर मी निळं उपरणं गळ्यात घालून निळ्यांचं निशाण मिरवणुकीत नाचवीन! सासूबाईंच्या बाल्कनीखालून! आणि नाही काढला, तर हा मास्तर आमचा ढोल वाहील."

"मंजूर," एवारिस्ट म्हणाला. "साक्षीला दुन फिलीप."

दुन फिलीप म्हणजे चर्चचे पाद्री. ते कोपऱ्यात कॉफी पीत होते. त्यांनी मान डोलावली. दोन्ही क्लबांत कॉफी फुकट मिळायची, म्हणून ते कायम तटस्थ.

घरी जाता जाता मात्र मास्तराचं बोलणं स्पीरूच्या डोक्यात किड्यासारखं वळवळायला लागलं. खरखरीत लाकूड! म्हणजे पायाला पकड मिळते ती खरखरीमुळे! मग खरखरच काढून टाकली तर? वा रे स्पीरू! मास्तराच्याच तोंडून मास्तराचा काटा काढलास!

शुक्रवारी त्याने आणि विस्तिनने खांबाला रंधा मारला. मग पॉलिश पेपरने घासला, इतका की विस्तिनने त्यात बघून भांग पाडला. तरी स्पीरूचं समाधान होईना. शनिवारी दुपारी त्याने होड्यांना लावतात तसल्या वॉर्निशचा डबा आणला आणि एकावर एक तीन जाड हात मारले. पहिला वाळायच्या आत दुसरा, दुसरा वाळायच्या आत तिसरा.

"स्पीरू, डबा संपला," विस्तिन म्हणाला. "टोकाचे चार हात कोरडेच राहिले."

"राहू दे! तिथवर पोचणार कोण? तुझा आजा?"

रविवारी सकाळी त्या चकचकीत खांबावर चार बोटं जाड चरबी थापली, साबण चोपडला, आणि स्पीरूने दोन पावलं मागे सरून असा निःश्वास सोडला, जसा काही चर्चचा घुमटच बांधून झाला!

दुपारचे पाच वाजले. धक्क्यावर मुंगीला जागा नाही. डावीकडे तांबडे, उजवीकडे निळे, आणि मध्ये दोन पोलीस मान खाली घालून. दुन फिलीप छोट्या होडीतून खांबाखाली आले, आशीर्वाद द्यायला. ऑगस्टचं ऊन असं की दगडावर लॅम्पुकी मासा तळावा!

दुन फिलीपनी हात वर केला. "हे प्रभो..."

आणि सळ्ळ्ळकन आवाज झाला.

नाडी सुटल्यावर पायजमा जसा एका दमात खाली येतो, तशी अख्ख्या खांबाची चरबी एका दमात खाली आली! त्या गुळगुळीत वॉर्निशवर तिला धरायला खाचच नव्हती! स्पीरूने खांब इतका निसरडा केला होता की चरबीच घसरली! आणि घसरली ती थेट दुन फिलीपच्या डोक्यावर!

मग होडीतून एक पांढरा गोळा हळूच म्हणाला, "आमेन."

स्पीरू धक्क्याच्या कडेला धावला. वर नुसता चकाकणारा खांब! चरबी उरली होती ती फक्त टोकाच्या त्या चार कोरड्या हातांवर, लोण्यासारखी घट्ट.

"पळा रे! खांब मोकळा आहे!" निळ्यांनी आरोळी ठोकली.

पहिला पोरगा सुसाट सुटला. तिसऱ्या पावलाला पाय चिकटला आणि बाकीचा पोरगा पुढे गेला! तोंडावर आपटून खाली. दुसरा तसाच, तिसराही तसाच. वॉर्निश वाळलंच नव्हतं, मंडळी! वरून चरबीची गोधडी पांघरल्यावर वाळणार कुठून? त्यात उन्हाने त्याचा नुसता गोंद झालेला.

स्पीरूचा जीव भांड्यात पडला. "बघितलंत?" तो छाती काढून ओरडला. "चिकटवायचाच बेत होता माझा! खास नवी युक्ती!"

"हो का? मग फादरच्या डोक्यावर ओतायचाही बेत होता का?" पलीकडून चेंसा ओरडली.

मग एवारिस्ट निघाला. धावला नाही. खांबावर घोड्यासारखी मांड ठोकून बसला आणि इंच इंच सरकायला लागला. फच्च, फच्च! प्रत्येक फच्चला निळे टाळ्या पिटायचे आणि स्पीरूचा रंग उतरायचा. दहा हात. बारा हात. सोळा हात! झेंडा चार हातांवर!

आणि मास्तर थांबला.

"काय झालं रे?" चेंसाने विचारलं.

"ताई," एवारिस्ट हळूच म्हणाला, "माझी पँट येत नाहीये."

तांबड्यांच्या बाजूला लोक एकमेकांना धरून रडायला लागले. हसून हसून! स्पीरू तर धक्क्यावर लोळला. "मास्तर, कर की हिशोब! पँटचा कर!"

दहा मिनिटं गेली. मास्तर पुढे जाईना, मागे येईना. उन्हाने त्याचं टक्कल टोमॅटोसारखं लाल झालं. दुन फिलीप कानातली चरबी काढत म्हणाले, "त्याला उतरवा कुणीतरी. सहाला मिरवणूक आहे."

"ज्याने चिकटवला त्यानेच उतरवावा," एक निळा म्हणाला.

"मी? निळ्याला? अजिबात नाही!"

"स्पीरू!" चेंसाचा आवाज आला. तो आवाज बावीस वर्षं ऐकल्यामुळे स्पीरूचं हसणं तिथल्या तिथे गोठलं. "तो माझा भाऊ आहे. त्याला चक्कर आली, तर पुढच्या आठवड्यातही अंडी तूच तळायचीस. आणि त्याच्या पुढच्याही!"

स्पीरूने दुकानातले रबरी बूट चढवले, कमरेला सुरी खोचली आणि खांबावर पाय ठेवला. बूट छान धरत होते. जरा जास्तच छान. प्रत्येक पाऊल उपटून काढावं लागत होतं. दोघांच्या वजनाने खांब धनुष्यासारखा वाकला.

"या भावोजी," एवारिस्ट न वळता म्हणाला. "कसं वाटतंय घर्षण?"

"गप बस, नाहीतर सुरी वर मारीन."

"खाच हवी होती हो, खाच! मी सांगतच होतो."

"मग पूर्ण का नाही सांगितलंस?"

"तुम्ही शाळा सोडलीत ना!"

स्पीरू दात-ओठ खात खाली वाकला आणि खाटकाच्या सराईत हाताने त्याने पँटचा मागचा भाग गोल कापला. मास्तर सुटला, तिरका झाला आणि खाली गेला. जाताना सगळ्या गावाला दिसलं की निळ्या क्लबाच्या मास्तराची चड्डी तांबडी आहे.

"तांबडी! तांबडी!" धक्का नुसता दणाणला! स्पीरूलाही हसू फुटलं. पण ते ओठावर येतंय न येतंय तोच, मास्तराचं वजन गेल्यामुळे वाकलेला खांब सणकन वर उसळला!

बूट खांबाला चिकटले होते. स्पीरू बुटांना चिकटलेला नव्हता.

गलोलीतून दगड सुटावा तसा तो बुटांतून सुटला आणि थेट त्या चार हातांवर पोटावर पडला, जिथे डबा संपला होता, जिथे चरबी एकोणीस वर्षांसारखीच झकास बसली होती. सुर्रकन घसरला. समोर समुद्र, हाताला काहीच नाही. बुडणाऱ्याने धरावी तशी त्याने मिळेल ती वस्तू घट्ट धरली आणि ती घेऊनच पाण्यात गेला.

वर आला तेव्हा हातात झेंडा होता.

मग कुठे सहाची घंटा वाजली.

सगळ्यांनी दुन फिलीपकडे बघितलं. त्यांनी केसांतून बोटं फिरवली, हाताला आलेली चरबी निरखली आणि फार प्रेमाने स्पीरूकडे पाहिलं. "पैज काय होती? कुणीही. अगदी कुणीही. मी स्वतः ऐकलंय."

"फादर, पण मी तांबडा आहे! फासणारा मीच, काढणाराही मीच, हा कुठला न्याय?"

"तू कुणीच नाहीस का, स्पीरू?"

 आपण कुणीतरी आहोत म्हणावं तर निशाण नाचवा, नाही म्हणावं तर स्वतःच्या तोंडाने आपण कुणीच नाही!

त्या संध्याकाळी मिरवणुकीत सगळ्यात पुढे अनवाणी स्पीरू, गळ्यात निळं उपरणं, हातात निळं भलंमोठं निशाण. मागून टॉवेल गुंडाळलेला एवारिस्ट टाळ्या वाजवत. विस्तिनने ओळख दाखवली नाही. बाल्कनीत सासूबाई रोझारिया रंगीत कागदांचे तुकडे घेऊन तयारच होत्या. जत्रेच्या आठवड्यात बावीस वर्षं त्या जावयाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आज टोपलीभर कागद त्याच्या चरबट डोक्यावर ओतून म्हणाल्या, "जावईबापू, पहिल्यांदाच माणसात आल्यासारखे दिसताय!"

कागद चिकटले. ते निघायला बुधवार उजाडला. बूट तर निघालेच नाहीत. खांबाच्या तुकड्यासकट कापून निळ्यांनी ते क्लबाच्या भिंतीवर टांगले, खाली पाटी लावली : 'एकोणीस वर्षांत झेंडा काढणारा एकमेव वीर, स्पीरू.'

स्पीरू म्हणतो, निळ्यांच्या त्या दाराकडे मी थुंकायलाही जात नाही.

खरं आहे. थुंकायला जात नाही. रविवारी सगळे चर्चमध्ये असले, की पाटीवरची धूळ पुसायला जातो.