तिसरी धार

आमच्या शेजारचे शामराव तात्या कोणतीही वस्तू समोरून पाहत नाहीत. ते आधी तिच्या मागे जातात. गल्लीत कुणी नवी मोटार आणली, तर लोक पुढच्या काचेवरच्या हाराचे कौतुक करत असतात आणि तात्या मागच्या चाकांपाशी उकिडवे बसलेले असतात. बँकेने कोपऱ्यावर पैसे काढण्याचे यंत्र बसवले, तेव्हा त्यांनी तिथल्या पहारेकऱ्याला विनंती केली, "पावणं, जरा ह्येच्या पाठीमागं जाऊ द्या की." विनंती नाकारली गेल्यामुळे त्या यंत्राशी त्यांनी आजतागायत व्यवहार केलेला नाही. "पुढनं सगळंच देखणं असतंय," हे त्यांचे ठाम मत. "खरं काय ते मागनं कळतंय."

यामागे चाळीस वर्षांचा अनुभव आहे. तात्या म्हशी पारखत असत. शिरोळपासून राधानगरीपर्यंत कुणालाही म्हैस घ्यायची झाली, की बाजारात तात्यांना सोबत न्यायचे, हा रिवाज होता. स्वतःची शेवटची म्हैस त्यांनी गुडघ्यांच्या दुखण्यापायी दोन वर्षांपूर्वी विकली. आता कळंब्याच्या रस्त्यालगतच्या आमच्या गल्लीत त्यांचा रिकामा गोठा तेवढा उरला आहे, आणि त्यांचा शब्दसंग्रह. नळाला पाणी कमी आले, की "आज दोनच सडांवर चाललंया," म्हणजे चारपैकी दोनच आचळांवर. कामात अंगचोरपणा करणारा माणूस 'पान्हा चोरतो', म्हणजे कासेत दूध असून सोडत नाही. मी दहावीला तालुक्यात पहिली आले, तेव्हा त्यांनी माझे अभिनंदन केले ते असे: "हाडापेरानं किरकोळ हाय, पण दुधाला चांगली निघाली." पुढे मला काही पदके मिळाली, इतके नेमके प्रशस्तिपत्र मात्र पुन्हा कुणी दिले नाही.

त्यांची एक सवय मात्र मला लहानपणापासून कोड्यात टाकत आली होती. तात्या आमच्या घरी कधी बसत नसत. उंबऱ्याच्या आत एक पाय, बाहेर एक पाय, अशा अवस्थेत ते अर्धा अर्धा तास बोलत. चहाचे नाव काढले, की "आत्ताच झाला" म्हणून निघून जात. गल्लीतल्या इतर घरांत ते दोन दोन कप रिचवतात, हे मला ठाऊक होते. ही नोंद मी 'कारण अज्ञात' या सदरात टाकून दिली होती.

यंदा पुराच्या पाण्याचे गणित मांडणाऱ्या एका संशोधन प्रकल्पात मला घरून काम करण्याची संधी मिळाली. पहिला महिना कसोटीचा होता. महिनाअखेर निकाल दाखवायचे. ते पटले तर पुढे पीएच.डी.ची वाट मोकळी, न पटले तर पुन्हा बारावीच्या शिकवण्या. नदीची पातळी वाढू लागली, की पाणी कोणत्या शिवारात आधी शिरेल, हे काढणारे माझे संगणकीय प्रारूप एका वेळी सलग तीन-चार तास चालते. माझा जुना लॅपटॉप विसाव्या मिनिटाला मान टाकत असे. म्हणून घरात एका जागी राहील असा दणकट डेस्कटॉप घ्यायचे ठरवले. पैसे दोन वर्षांच्या शिकवण्यांतून साठलेले होते आणि ते एकदाच खर्च करता येणार होते.

मी शास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे निर्णय भावनेवर सोडला नाही. अकरा निकष, प्रत्येकाला भारांक, सहा संचांची तुलना, असा एक तक्ता तयार केला आणि छापून घेतला. त्याची शाई वाळलीही नसेल, तोच तात्या उंबऱ्यावर आले. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाले, "मागं कायच न्हाय की."

"तात्या, तो कागद आहे. मला कॉम्प्युटर घ्यायचा आहे."

"घे की. किती धारा बघितल्यास?"

धारांचा नियम त्यांनी मला तिथेच, एका पायावर भार देऊन समजावला. लबाड विकणारा आदल्या वेळची धार काढतच नाही. मग बाजारात म्हशीची कास तट्ट फुगलेली दिसते. म्हणून सकाळ, संध्याकाळ आणि पुन्हा सकाळ, अशा तीन धारा डोळ्यांसमोर काढून घ्यायच्या. पहिल्या दोन धारांत फसवणूक लपू शकते, तिसऱ्या धारेत नाही. तिसरी धार बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

"तात्या, यंत्राला कास नसते."

"मग फसवायला आणखीनच सोपं. उद्या मी येतो."

ही विनंती नव्हती, माहिती होती.

राजारामपुरीतले ते दुकान सलीमभाईंचे. मनुष्य सभ्य, मितभाषी. आम्ही आत शिरताच ते माझ्याशी बोलू लागले आणि तात्या गल्ल्याला वळसा घालून, माझ्या तक्त्यात पहिल्या आलेल्या संगणकाच्या डब्यामागे थेट गेले.

"पावणं, सडं किती ह्येला?"

सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "पेनड्राइव्ह लावायच्या खाचा विचारतायत."

"सहा आहेत, काका."

"चालू किती?"

सहाही खाचांमध्ये एकच पेनड्राइव्ह पाळीपाळीने घालून दाखवावा लागला. "पाचवं जरा घट्ट हाय," असा शेरा मारून तात्यांनी डब्याची बाजू उघडायला लावली. आत मेमरीच्या चार जागांपैकी दोन रिकाम्या होत्या. तात्यांचा चेहरा उजळला. "दोन दात यायचं हाईत अजून. वय कमी हाय, घ्यायला हरकत न्हाय." माझ्या तक्त्यात हाच निकष 'विस्तारक्षमता' या नावाने होता, भारांक आठ टक्के.

मग भावाची वेळ आली. तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून स्वतःच्या आणि सलीमभाईंच्या हातांवर पसरला. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली बोटे दाबून ठरवतात, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही. सलीमभाईंना यातले काही ठाऊक नव्हते. दुकानातले तीन ग्राहक बघत असताना एक अनोळखी वृद्ध आपली बोटे का आवळतो आहे, याचा उलगडा न होऊन ते घाबरून "बरं, बरं" म्हणाले. टॉवेल दूर झाला तेव्हा दोन हजार कमी झाले होते. किती कमी झाले, हे सलीमभाईंनाही तात्यांकडूनच कळले.

त्या सकाळी माझे प्रारूप अर्धा तास चालवून पाहिले. उत्तम चालले. ही पहिली धार. पाचशे रुपये इसार देऊन आम्ही परतलो. संध्याकाळी पुन्हा तासभर. तेही उत्तम. माझ्या हातात आता महिनाअखेरपर्यंत अकरा दिवस उरले होते.

"तात्या, पुरे आता. मी पैसे देते आणि घरी नेते. मला वेळ नाही."

एरवी यावर त्यांनी मला कोणत्या तरी जनावराची उपमा दिली असती. या वेळी दिली नाही. टॉवेलचे टोक पिळत ते दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. "जा म्हटलीस तर जातो, पोरी. तुजं पैसं हाईत. पण तिसऱ्या धारेबिगर देऊ नगंस. एवढं ऐक." ते 'एवढं ऐक' इतक्या हळू आवाजात होते, की मी खिशातून काढलेला फोन परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी तात्या बंद शटरसमोर हजर होते. आत जाताच त्यांनी वर बोट केले. "ह्यो गार वारा बंद करा."

"काका, एसी आहे तो. गिऱ्हाइकांसाठी."

"पोरीच्या घरात हाय का एसी? न्हाय. मग जनावर जिथं बांधायचं, तसंच हितं बघाय पायजे."

एसी बंद झाला. प्रारूप सुरू झाले. दोन ग्राहक घाम पुसत निघून गेले. सव्वा तासाने तात्या उठले, डब्याच्या मागच्या बाजूला हाताची उलटी बाजू टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, "कान तापल्यात." मग मान वाकवून पंख्याचा आवाज ऐकत राहिले. "धाप लागलीया ह्येला. पोरी, बघ, पान्हा चोरतंय."

मी हसतच पडद्याकडे पाहिले आणि हसू जागीच विरले. दर मिनिटाला होणारी गणिते निम्म्यावर आली होती. प्रोसेसर अति तापला, की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. काम करत असल्यासारखा दिसतो, पण करत नाही. या क्रियेला आमच्या शास्त्रात एक नाव आहे. तात्यांचे नाव अधिक अचूक आहे.

सलीमभाईंनी स्वतः डबा उघडला, प्रोसेसरवरचा थंडावा देणारा धातूचा ठोकळा उचलला आणि उलटा धरला. त्याच्या तळाला कारखान्यातून येणारा पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा तसाच चिकटलेला होता. जोडताना काढायचा राहून गेला होता. "चूक माझी," ते म्हणाले. "काका नसते तर लक्षात आलं नसतं." पापुद्रा निघाला. मग तीन तास, एसीविना, प्रारूप एका लयीत चालले. माझ्या अकरा निकषांत हा निकष कुठेही नव्हता.

मी पैसे फोनवरून दिले. त्याबरोबर गल्ल्यावरच्या छोट्या डबीने, साऱ्या दुकानाला आणि बाहेरच्या पानपट्टीलाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात रक्कम जाहीर केली. तात्यांना असा धक्का बसलेला मी कधी पाहिला नव्हता. ज्या भावासाठी त्यांनी टॉवेल पसरला होता, तो चव्हाट्यावर ओरडला जात होता. त्यांनी झडप घालून टॉवेल डबीवर टाकला. डबीने टॉवेलाखालून आकडा पुरा केला.

"हिला गप करा," ते म्हणाले. "असं करून कसा व्यापार हुतोय तुमचा?"

निघताना त्यांनी विजेची वायर सोडवून सलीमभाईंच्या हातात दिली. जनावर विकले, तरी दावे, म्हणजे ते बांधायची दोरी, विकणाऱ्याने आपल्याकडे ठेवायचे असते. वायरीविना यंत्र चालत नाही, हे पटवायला आम्हा दोघांना दहा मिनिटे लागली, आणि तरीही त्यांनी ती स्वतंत्र पिशवीतून नेली.

घरी बाबा टेबलाचे स्क्रू आवळत होते. बाबा एका गोदामात नोकरी करतात, बोलतात कमी. मी त्यांना सडांपासून दाव्यापर्यंत सगळे रंगवून सांगितले. ते हसत होते. तिसऱ्या धारेपाशी आले, तेव्हा त्यांचा हात थांबला.

"म्हणजे हट्ट धरला त्यांनी?"

"धरला. पण असं का विचारता?"

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "मी सायन्सच्या पहिल्या वर्षाला होतो. माझ्या आईनं बोरमाळ मोडून म्हैस घ्यायची ठरवली. दूध घालायचं आणि त्यावर माझं कॉलेज काढायचं. तात्यांनी म्हैस बघितली. तवा ते नवीन होते, नाव व्हायला लागलं होतं. दोन धारा बघितल्या आणि म्हणाले, माझ्या नजरंला तिसरी लागत न्हाय. घरी आणली आणि पंधरा दिवसांत तिनं पान्हा चोरायला सुरुवात केली. पुढं आटलीच."

"आणि कॉलेज?"

"सोडलं."

"तुम्ही तर म्हणायचात, गणित झेपलं नाही म्हणून सोडलं."

"झेपत होतं की," बाबा म्हणाले आणि पुन्हा स्क्रू ड्रायव्हर उचलला. थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता: "आई त्यांना एका शब्दानं बोलली न्हाय. मीबी न्हाय. बोललो असतो तर बरं झालं असतं. तवापासनं आपल्याकडं बसलं न्हाईत ते."

संध्याकाळी तात्या उंबऱ्यावर आले. जागा बदलली, की जनावर बदलते. म्हणून घरीही तीन धारा बघणे आवश्यक होते. मी वाद घातला नाही. ती पहिली धार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी. प्रत्येक वेळी ते तासन् तास दारात उभे, पाय बदलत, कान आत. मी खुर्ची पुढे केली की "असू दे, असू दे."

तिसरी धार त्या संध्याकाळी होती. बाबा गोदामातून लवकर आले आणि आतल्या दाराशी उभे राहिले. साडेतीन तास पंख्याचा आवाज एकसारखा येत होता. प्रारूप संपले, पडद्यावर शिरोळचा नकाशा उमटला आणि त्यावर पाण्याची निळी कड शेत शेत पुढे सरकू लागली.

"झाली, तात्या. तिसरी झाली."

"किती दिलं?"

"सगळं दिलं. थेंबभरसुद्धा चोरलं नाही."

तात्यांनी मान हलवली. ते माझ्याकडे पाहत नव्हते, बाबांकडे पाहत होते. बाबांनी भिंतीशी असलेली खुर्ची उचलली आणि खोलीच्या मध्यभागी ठेवली.

"तात्या, आत या. बसा."

मग तात्यांनी बाहेरचा पाय आत घेतला. ते खुर्चीच्या मागे गेले, वाकून तिचे मागचे दोन पाय हलवून पाहिले आणि पुढे येऊन बसले. बाबा स्वतः चहा करून घेऊन आले. तात्यांनी बशीत ओतला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"दूध कुणाचं हे?"

"पिशवीचं," बाबा म्हणाले.

"तरीच," तात्या म्हणाले. आणि बशी संपवून त्यांनी कप पुन्हा पुढे केला.