विद्वांसांच्या चकत्या

डॉक्टर विद्वांसांकडे चहाला गेलं की कपाच्या आधी चकती समोर यायची. पातळ, पोलादी, मोठ्या नाण्याएवढी, कडेला सहा गोल खाचा. "ओळखा," असं म्हणून ते ती पाहुण्याच्या हातावर ठेवायचे आणि खुर्चीत मागे रेलायचे. कोणी वॉशर म्हणायचं, कोणी सायकलचा पार्ट. सगळी उत्तरं चुकली की डॉक्टरांचा चेहरा उजळायचा आणि पुढचा पाऊण तास आपली सुटका नसायची.

ती चकती त्यांच्या रिव्हॉल्व्हरची. हो, रिव्हॉल्व्हर. नॉटिंगहॅममध्ये आमच्या घराला त्यांचं घर जोडूनच होतं, आणि ज्या भिंतीला त्यांचं बंदुकीचं लोखंडी कपाट बोल्ट केलेलं होतं तीच भिंत आमच्या जिन्याची. मी अकरा वर्षं त्या जिन्यावरून जरा घाईनेच चढले आहे.

आता तो पाऊण तास मी चार वाक्यांत उरकते. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी कड असते, त्या कडेवर ते भोकाच्या तोंडाशी अडकून राहतं. विद्वांसांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र पिस्तुलाची काडतुसं जायची, करंगळीएवढी जाड, पंचेचाळीस कॅलिबरची, आणि त्यांना तशी कड नसते. म्हणून आधी सहा काडतुसं चकतीच्या खाचांत बसवायची आणि सगळा गुच्छ एकदम आत सोडायचा. बार उडवून झाले की गुच्छ तसाच बाहेर.

"मग सरळ पिस्तूलच का नाही घेतलं?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारायचा.

"तत्त्वाचा प्रश्न आहे," डॉक्टर म्हणायचे.

अंडं बरोबर सात मिनिटं उकडणं हाही तत्त्वाचा प्रश्न होता. नोव्हेंबरच्या आधी हीटिंग न लावणं हाही. लग्न न करणं हाही असावा, पण ते विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

हॉस्पिटलमध्ये ते भूलतज्ज्ञ होते. आवाज इतका मऊ, की पेशंट इंजेक्शनच्या आधीच पेंगायला लागतात असं नर्सेस म्हणत. असा माणूस रविवारी सकाळी क्लबात जाऊन धडाधड बार काढतो, हे मला काही केल्या पटत नसे. आमच्या सुधीरचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं म्हणणं, आठवडाभर दाबून ठेवलेला आवाज कुठेतरी निघायला नको का? पोलिसांचा माणूस कपाट तपासायला आला की डॉक्टर त्याला पोहे करून घालत. "वर लिंबू पिळू का?" हे ते त्याला इतक्या गंभीरपणे विचारत की तो बिचारा वहीत काय लिहायचं तेच विसरून जाई.

रविवारी नऊला रॉन यायचा. रॉन म्हणजे खाणीतून निवृत्त झालेला, दरवाजाएवढा मोठा, सत्तरीकडे झुकलेला माणूस. सगळ्या जगाला तो इथल्या पद्धतीने लाडाने 'डक', म्हणजे बदक, म्हणायचा. मला, डॉक्टरांना, आमच्या मांजरालाही. दोघं गाडीत बसून क्लबला जायचे आणि दुपारी एकला परत. वाटेत काय बोलत असतील देव जाणे. रॉनचं एक वाक्य संपेपर्यंत माझा कुकर व्हायचा.

एका दिवाळीला मी डॉक्टरांच्या आईचा पितळी सोऱ्या मागून आणला. सोऱ्याच्या ताटल्या त्यांनी बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या घरात बिस्किटांचे डबे दोन. मी घाईत होते. हाताला चांदणीसारखी खाचांची ताटली लागली, ती बसवली, जरा डगडगत होती, म्हटलं जुनी असेल. दांडा दाबला आणि पीठ ताटलीसकट कढईत! झाऱ्याने वर काढलं तर पिठाच्या पोटात रिव्हॉल्व्हरची चकती, छान खरपूस तळलेली.

डॉक्टर धावत आले. हसले नाहीत. चकती पुसून काचेच्या टेबलावर ठेवली आणि खाली वाकून एक डोळा मिटून पाहत राहिले. "केसभर जरी वाकली ना वहिनी, तर सिलिंडर जॅम होतो."

"आणि माझ्या चकल्या?"

"त्या फर्स्ट क्लास," असं म्हणून त्यांनी उभ्या उभ्या सहा संपवल्या. पुढच्या रविवारी म्हणे क्लबात सगळे विचारत होते, हा ओव्याचा वास कुठून येतोय?

त्या दिवशी वैतागून मी म्हटलं, "कशाला हा व्याप, डॉक्टर? एकेक काडतूस घालायचं साधं रिव्हॉल्व्हर घ्या की."

"एकेक घालणं सगळ्यांना जमतंच असं नाही," ते म्हणाले आणि त्यांनी सातवी चकली उचलली.

मग सत्त्याण्णव साली कायदा आला. आदल्या वर्षी स्कॉटलंडमधल्या एका शाळेत एकाने लहान मुलांवर गोळ्या झाडल्या, त्यानंतर माझं मत मी कोणापासून लपवलं नव्हतं. माझा मुलगा तेव्हा प्रायमरीत होता. असली सगळी हत्यारं पोलिसांत जमा करायची असं ठरलं, तेव्हा मला आनंद झाला, आणि मग भिंतीपलीकडच्या माणसाचा विचार येऊन मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. "बरोबर आहे कायदा," एवढंच म्हणाले. एका शुक्रवारी रिव्हॉल्व्हर, काडतुसं आणि सगळ्या चकत्या ते पोलीस स्टेशनात देऊन आले. मी त्यांना चहाला बोलावलं. ते खुर्चीत अवघडून बसले.

"वाईट वाटतंय ना?" मी विचारलं.

"रिव्हॉल्व्हरचं? छे हो, सुटलो! मला तो आवाज कधी सहनच झाला नाही. कानांवर मफ्स असले तरी प्रत्येक बाराला माझे डोळे मिटायचे."



"मग अकरा वर्षं कशाला जात होता?"

डॉक्टरांनी बशीतलं बिस्किट सरळ केलं. "रॉनची बोटं खाणीत चिरडली होती. त्याच्या ऑपरेशनआधी मी त्याला तपासायला गेलो. मी त्याला प्रश्न विचारायचे, तर तोच मला विचारतोय, रविवारी काय करतोस, डक? मला या देशात येऊन चार वर्षं झाली होती वहिनी, हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, काही नाही. तर म्हणाला, हे काही बरोबर नाही."

रॉन जुना नेमबाज. ऑपरेशननंतर त्याला चिमटीत काडतूस धरता येईना, गोळी चढवायला पिस्तुलाची ताठ सरकपट्टी मागे ओढता येईना. क्लब सोडायला निघाला होता. डॉक्टरांनी सहा महिने शोधून असं हत्यार काढलं, की सहाही काडतुसं तळव्याने एकदम आत ढकलता येतील. सर्टिफिकेट स्वतःच्या नावावर घेतलं. चकत्या स्वतः भरून न्यायचे, आणि क्लबात रॉन ते चालवायचा.

"त्याला माहितेय हे?"

"नाही. त्याला वाटतं मला नाद आहे." मग ते म्हणाले, "आता रविवारी तो कशाला येईल? त्याला द्यायला माझ्याकडे दुसरं काय आहे?"

"अहो, फोन करा ना त्याला!"

"नको. हा तत्त्वा…" म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. अकरा वर्षांत हे पहिल्यांदाच झालं.

त्या रविवारी साडेआठपासून मी पुढच्या खिडकीत होते. काचा पुसतेय असं दाखवत होते, खोटं कशाला बोलू? डॉक्टर कोट घालून बाहेर आले आणि गाडी पुसायला लागले. गाडी स्वच्छ होती. नऊ वाजले. नऊ-पाच. नऊ-दहा. मला रॉनचा इतका राग आला की बोलायची सोय नाही. सव्वानऊला कोपऱ्यावरून तो डुलत डुलत आला. बस चुकली होती.

"एय अप, डक," त्याने नेहमीसारखा रामराम ठोकला.

"रॉन, आपल्याकडे आता शूट करायला काही नाही," डॉक्टर म्हणाले.

"मी काय येडा आहे? पेपर वाचतो मी," रॉन त्याच्या इंग्रजीत गुरगुरला आणि दार उघडून आत बसला. "चल, गाडी काढ."

"कुठे?"

"मला काय ठाऊक? गाडी तुझी."

ते गेले. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. चारच्या सुमाराला गाडी दाराशी येऊन थांबली, पण कोणी उतरेना. दहा मिनिटं, वीस मिनिटं. शेवटी मीच बाहेर गेले. दोघांच्या बुटांना समुद्राची वाळू लागलेली. रॉन तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता. त्याच्या अंगावर डॉक्टरांचा कोट होता, आणि डॉक्टर शेजारी नुसते बसून होते. आयुष्यभर झोपलेल्या माणसांशेजारी बसलेल्या त्या माणसाचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मी काचेशी वाकले.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, काच दोन बोटं खाली केली आणि कुजबुजले, "पुढच्या रविवारी आठलाच निघू म्हणतोय."